घरचा माणूस कसा हरला? कार्टर, रेगन आणि गोऱ्या इव्हँजेलिकल मतांची चार वर्षं (१९७६–१९८०)

१९८० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपुढे दोन प्रमुख उमेदवार होते. एक बाप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, लहानाचा मोठा झालेला, स्वतः डीकन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा सेवक, राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही वॉशिंग्टनमधल्या चर्चमध्ये अधूनमधून संडे स्कूलचा, म्हणजे रविवारचा बायबलचा, वर्ग घेणारा, आणि ज्याच्या संसाराला चौतीस वर्षं झाली होती असा. दुसरा हॉलिवूडचा जुना नट. पहिल्या बायकोशी घटस्फोट झालेला, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केलेला, आणि चर्चच्या बाकावर क्वचितच दिसणारा. या मतदारांची मतं मोठ्या फरकाने दुसऱ्याकडे गेली. डेमोक्रॅट जिमी कार्टर हरले, रिपब्लिकन रोनाल्ड रेगन जिंकले.

मराठीत हे प्रकरण बहुधा एका वाक्यात उरकलं जातं: गर्भपाताच्या प्रश्नावरून ख्रिस्ती मतं रिपब्लिकन पक्षाकडे वळली. यात तथ्य आहे, पण कशामागून काय आलं याची गल्लत आहे. माझं म्हणणं असं की या चार वर्षांत हा मतदार उमेदवाराची श्रद्धा तपासायचा थांबला आणि त्याचं सरकार आपल्या शाळांशी, चर्चेसशी, आपल्या घरच्या शिस्तीशी कसं वागतं ते पाहू लागला. गर्भपाताचा झेंडा त्यानंतर उंच झाला.

इव्हँजेलिकल म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगायला हवं. हे एक चर्च नाही. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, स्वतंत्र बायबल चर्चेस अशा अनेक ठिकाणी विखुरलेले हे प्रोटेस्टंट लोक. पवित्र शास्त्राचा शब्द अखेरचा, प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करून नव्याने जन्मायचं आणि ती सुवार्ता इतरांना सांगायची, एवढं त्यांच्यात समान. या कसोटीवर कृष्णवर्णीय चर्चेसमधले असंख्य लोकही इव्हँजेलिकलच ठरतात, आणि ते या सगळ्या काळात डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर राहिले. म्हणून इथे ‘गोरे’ हे विशेषण मी सोडणार नाही. श्रद्धा तीच, शास्त्र तेच, गाणीही पुष्कळदा तीच. मतपेटी मात्र वेगळी.

प्लेन्सचा उमेदवार

कार्टर जॉर्जियातल्या प्लेन्स या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावचे. भुईमुगाची शेती, वखार, मग राज्याचं गव्हर्नरपद. व्हिएतनाम आणि वॉटरगेटने विटलेल्या देशाला त्यांनी सांगितलं की मी तुमच्याशी कधीच खोटं बोलणार नाही. आपण ‘बॉर्न अगेन’ ख्रिस्ती आहोत हेही ते न लाजता सांगत. वॉशिंग्टनच्या पत्रकारांना हा काय प्रकार आहे ते इतरांना विचारून घ्यावं लागलं. त्याच वर्षी गॅलपच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश अमेरिकनांनी आपल्याला असा अनुभव आल्याचं सांगितलं, आणि न्यूजवीकने १९७६ हे ‘इव्हँजेलिकलांचं वर्ष’ ठरवून टाकलं.

मंडळींमध्ये उत्साह होता. ओक्लाहोमाचे पाळक बेली स्मिथ सदर्न बाप्टिस्टांच्या, म्हणजे दक्षिणेत रुजलेल्या बाप्टिस्ट चर्चेसच्या संघाच्या, अधिवेशनात म्हणाले की व्हाइट हाउसला नव्याने जन्मलेला माणूस हवा आहे, आणि त्याची आद्याक्षरं आपल्या प्रभूच्या आद्याक्षरांशी जुळतात. जे. सी.: जिमी कार्टर, जीझस ख्राइस्ट. स्मिथ यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत. टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांचाही कल तेव्हा कार्टर यांच्याकडे होता.

पण पहिल्या भेगाही त्याच वर्षीच्या. कार्टर यांनी प्लेबॉय मासिकाला मुलाखत दिली आणि आपण मनातल्या मनात अनेकदा व्यभिचार केला आहे, असं सांगून टाकलं. वासनेने पाहणं हाही मनातला व्यभिचारच, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो; त्याचा हा सरळ बाप्टिस्ट अर्थ होता. संडे स्कूलच्या वर्गात कोणी भुवई उंचावली नसती. पण ते मासिक प्लेबॉय होतं. ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड डॅलसच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये उपासनेला गेले आणि तिथले नामांकित पाळक डब्ल्यू. ए. क्रिस्वेल यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला. बाप्टिस्ट पाळकाने बाप्टिस्ट उमेदवार सोडून एपिस्कोपल पंथाचा माणूस उचलून धरला.

आणि मग ३१ ऑक्टोबरचा रविवार. मतदानाला दोन दिवस उरलेले. जॉर्जियातल्याच आल्बनीहून एक कृष्णवर्णीय पाळक प्लेन्स बाप्टिस्ट चर्चचं सभासदत्व मागायला येणार, हे आधीच कळलं होतं. या चर्चने १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांना दार बंद करण्याचा ठराव केला होता. कार्टर कुटुंबाने तेव्हाही विरोधात मत दिलं होतं. डीकनांनी काय करावं? त्या रविवारची उपासनाच रद्द केली. देशभरच्या कॅमेऱ्यांसमोर भावी राष्ट्राध्यक्षाच्या चर्चला कुलूप. निवडणुकीनंतर कार्टर स्वतः मंडळीच्या सभेला बसले, दार सर्वांना उघडं करावं या बाजूने बोलले, आणि ठराव मंजूर झाला. पण काही महिन्यांतच त्या बाजूने उभ्या राहिलेल्या पाळकाला जावं लागलं आणि फुटून निघालेल्यांनी १९७७ मध्ये मारानाथा बाप्टिस्ट चर्च काढलं. कार्टर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत संडे स्कूल शिकवत राहिले, ते याच मारानाथामध्ये.

पुढे जे देशभर घडलं त्याची रंगीत तालीम मला या एका गावात दिसते. कार्टर यांच्या श्रद्धेबद्दल त्या मंडळीत कुणालाच शंका नव्हती. भांडण दार कुणासाठी उघडायचं याचं होतं.

निवडणूक कार्टर यांनी जिंकली. जुन्या कॉन्फेडरेट दक्षिणेतल्या, म्हणजे यादवी युद्धात फुटून निघालेल्या, ११ राज्यांपैकी व्हर्जिनिया सोडून १० त्यांच्याकडे आली. पण दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांत फोर्ड थोडे पुढेच होते, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोल फिरवला तो कृष्णवर्णीय मतांनी. देशभरच्या गोऱ्या इव्हँजेलिकल मतांपैकी सुमारे निम्मी कार्टर यांना मिळाली असावीत.

आता हे निम्मं म्हणजे कमी की जास्त? लोक इथे हमखास घसरतात. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी खालच्या दक्षिणेतली पाच राज्यं घेतली होती, १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी पाच, आणि १९७२ मध्ये निक्सन यांनी सगळी दक्षिण. म्हणजे गोरा दक्षिणी मतदार डेमोक्रॅटिक घर सोडून कधीच निघाला होता. १९७६ मध्ये तो अंगणापर्यंत परत आला, कारण उमेदवार गावचा होता. कार्टर यांनी मतं ‘गमावली’ असं म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवं.

वीस टक्क्यांचा नियम

मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद मोडायला लावला, तेव्हा गोऱ्या पालकांनी मुलं काढून नव्या खासगी शाळांत घातली. दोनेक वर्षांत तिथल्या सरकारी शाळांत गोरं मूल उरलं नाही. या खासगी शाळांना धर्मादाय संस्था म्हणून करमाफी होती, म्हणजे देणगीदारालाही करात सूट. कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये निकाल लागला: वर्णभेद पाळणारी संस्था धर्मादाय नाही, तिला करमाफी नाही.

याच आधारावर दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाला नोटिसा गेल्या. १९७१ पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. नंतर विवाहितांना, १९७५ पासून अविवाहितांनाही, पण दोन वर्णांच्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायचं नाही हा नियम कायम. १९ जानेवारी १९७६ रोजी फेडरल करखात्याने त्यांची करमाफी काढली. योगायोग असा की त्याच दिवशी आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठीच्या पक्षाच्या सभांत, कार्टर इतर सर्व उमेदवारांच्या पुढे निघाले. राष्ट्राध्यक्ष तेव्हा फोर्ड होते आणि मूळ धोरण निक्सन यांच्या काळातलं होतं. खापर मात्र कार्टर यांच्या डोक्यावर फुटलं.

ते अगदीच विनाकारण नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये कार्टर यांनी नेमलेले कर आयुक्त जेरोम कर्ट्झ यांनी नव्या नियमांचा मसुदा आणला. एखादी खासगी शाळा सरकारी शाळांतला वर्णभेद मोडला जात असतानाच निघाली किंवा वाढली असेल, आणि तिच्यात अल्पसंख्य मुलं नगण्य असतील, तर आपण भेद करत नाही हे त्या शाळेनेच सिद्ध करायचं. नगण्य म्हणजे किती, याचंही माप होतं: त्या भागातल्या शाळकरी वयाच्या मुलांत अल्पसंख्यांचं जे प्रमाण, त्याच्या वीस टक्के. परिसरातली निम्मी मुलं कृष्णवर्णीय असतील, तर शाळेत निदान दहा टक्के हवीत. तेवढी नसली तर करमाफी संशयात.

चर्चच्या तळघरात चालणारी शाळा डोळ्यांपुढे आणा. शिक्षकांचे पगार तुटपुंजे, फी जेमतेम, आणि तूट भरून निघते ती मंडळीच्या दशांशातून (चर्चला दिलेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि देणग्यांतून. देणगीवरची करसूट गेली की त्या शाळेचा वर्षाचा हिशेबच बसत नाही. शिवाय पाळकाला यात दुसरीच गोष्ट दिसली: आपल्या शाळेत कोण बसावं हे आता वॉशिंग्टनचा कारकून ठरवणार. करखात्याकडे आणि काँग्रेसकडे लाखाहून अधिक पत्रांचा पाऊस पडला. डिसेंबरमध्ये सुनावण्या झाल्या, मसुदा सौम्य झाला, आणि १९७९ मध्ये काँग्रेसने त्याच्या अंमलबजावणीला पैसाच मिळणार नाही अशी तरतूद केली.

या सगळ्या शाळा केवळ वर्णभेदासाठी निघाल्या होत्या, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६२ आणि १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद झालं होतं, त्याचा सल खरा होता. उत्क्रांतीचे धडे, लैंगिक शिक्षण, शिस्त ही कारणंही खरी होती. पण ही कारणं आणि वर्णाचं कारण एकाच घरात नांदत होतं, आणि कुठलं कुठे संपतं हे त्या घरातल्यांनाही सांगता आलं नसतं. करखात्याला ते वेगळं काढता येणं शक्यच नव्हतं. त्याने मोजता येईल तेवढं मोजलं.

झेंडा नंतर आला

रो विरुद्ध वेड हा गर्भपाताचा निकाल जानेवारी १९७३ चा. त्याच्या दोन वर्षं आधी सेंट लुइसच्या अधिवेशनात सदर्न बाप्टिस्टांनी ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक प्रकृतीला धोका अशा परिस्थितीत कायद्याने गर्भपाताला वाव द्यावा. गर्भपातविरोध हा तेव्हा मुख्यतः कॅथलिकांचा विषय मानला जाई. त्याच सदर्न बाप्टिस्टांनी १९८० मध्ये गर्भपाताविरुद्ध घटनादुरुस्तीची मागणी करणारा ठराव केला. म्हणजे मधल्या नऊ वर्षांत काहीतरी हललं.

कॅथलिक असलेले कार्यकर्ते पॉल वेरिक वर्षानुवर्षं इव्हँजेलिकल पाळकांना राजकारणात ओढायचा प्रयत्न करत होते. गर्भपात, अश्लील साहित्य, प्रार्थना, सगळे विषय चाचपून झाले. त्यांच्याच सांगण्यानुसार पाळक खरे हलले ते सरकारने ख्रिस्ती शाळांना हात घातल्यावर. इतिहासकार रँडल बामर यांनी याच धाग्यावर आपला सिद्धांत उभारला. इतर अभ्यासकांना तो एकांगी वाटतो: स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला होणारा विरोध, १९७७ चं ह्यूस्टनचं महिला अधिवेशन, त्याच वर्षी फ्लोरिडाच्या डेड काउंटीत समलिंगींच्या हक्कांविरुद्ध अनिता ब्रायंट यांनी चालवलेली मोहीम, यांनी बायकांना आणि सामान्य मंडळींना घराबाहेर काढलं होतं, आणि त्याचा करखात्याशी काही संबंध नव्हता. मला दोन्ही पटतं, पण दोन वेगळ्या थरांसाठी. पाळक आणि संस्थाचालक शाळेसाठी उठले. बाकावर बसलेली मंडळी घर-संसाराच्या प्रश्नांवर. गर्भपात हा असा एकच विषय होता की जो दोघांनाही, शिवाय कॅथलिकांनाही, एका मांडवाखाली आणू शकत होता, आणि ज्यात वर्णाचा डाग नव्हता.

जेरी फॉलवेल यांचा प्रवास पाहिला की हे लख्ख दिसतं. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या या बाप्टिस्ट पाळकाने मार्च १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी सेल्माचा मोर्चा चालू असताना, प्रवचन दिलं होतं की पाळकांना राजकारणासाठी नव्हे तर आत्मे जिंकण्यासाठी बोलावलेलं आहे. १९६७ मध्ये त्यांनी शाळा काढली, १९७१ मध्ये कॉलेज. जून १९७९ मध्ये वेरिक प्रभृतींच्या मदतीने मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना. नावातले शब्द वेरिक यांचेच. टपालाने देणग्या गोळा करण्यात तरबेज रिचर्ड विगरी कॅथलिक, हॉवर्ड फिलिप्स ज्यू घरात जन्मलेले, समान हक्क दुरुस्ती रोखणाऱ्या फिलिस श्लाफ्ली कॅथलिक. इव्हँजेलिकलांच्या राजकीय जागृतीचे कितीतरी सुतार बाहेरचे होते, ही मौज नोंदवण्यासारखी आहे.

त्यांचं काम कसं चाले? ख्रिश्चन व्हॉइस या संघटनेने खासदारांना नैतिकतेचे गुण देणारी प्रगतिपुस्तकं छापली. कसोट्यांत तैवानशी संरक्षण करार, ऱ्होडेशियावरचे (आजचं झिम्बाब्वे) निर्बंध आणि नवं शिक्षण खातं हेही होते. एका कॅथलिक पाद्री खासदाराची दांडी उडाली आणि पुढे लाचप्रकरणात सापडलेल्या एका खासदाराला शंभर टक्के पडले. हसू येतं, पण त्यातून वाचणाऱ्याला एक गोष्ट बरोबर शिकवली जात होती: माणसाची भक्ती बघू नका, त्याचं मत कुठे पडतं ते बघा.

१९८०

कार्टर यांना धोका कळला तोवर उशीर झाला होता. जानेवारी १९८० मध्ये त्यांनी फॉलवेल, ओरल रॉबर्ट्स, टिम लाहे वगैरे मंडळींना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं. गर्भपात त्यांना स्वतःला मान्य नव्हता, सरकारी पैसा त्यासाठी वापरू नये असंही ते म्हणत. पण घटनादुरुस्तीला त्यांचा नकार होता. चर्च आणि सरकार वेगळं ठेवणं हीच जुनी बाप्टिस्ट शिकवण, असं ते मानत. पाहुणे समाधानी होऊन गेले नाहीत. फॉलवेल पुढे एका सभेत म्हणाले की तुमच्या कार्यालयात समलिंगी का आहेत, असं मी राष्ट्राध्यक्षांना तिथे तोंडावर विचारलं. व्हाइट हाउसने ध्वनिमुद्रण काढलं. असा संवाद झालाच नव्हता. फॉलवेल म्हणाले, ती रूपककथा होती.

एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रार्थनेसाठी सुमारे दोन लाख लोक जमले. जुलैमध्ये रिपब्लिकन पक्षाने जाहीरनाम्यातून समान हक्क दुरुस्तीचा पाठिंबा काढला, गर्भपाताविरुद्ध घटनादुरुस्ती घातली, आणि कार्टर यांच्या कर आयुक्ताने स्वतंत्र शाळांविरुद्ध चालवलेला सूडाचा कारभार थांबवू, असं चक्क लिहून दिलं. पाळकांना आणखी काय हवं होतं?

ऑगस्टमध्ये डॅलसच्या रियुनियन अरीनात हजारो पाळक आणि कार्यकर्ते जमले. कार्टर यांनाही निमंत्रण होतं. ते गेले नाहीत. रेगन गेले आणि म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला माहीत आहे, पण माझा तुम्हाला आणि तुमच्या कामाला पाठिंबा आहे. करमाफी असलेल्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, हा कायदा समोरच्या प्रत्येक पाळकाला तोंडपाठ होता. त्या कायद्याचीच कडी रेगन यांनी उलटी फिरवली. रेगन यांच्या सबंध प्रचारात यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडत नाही. याच मंचावरून बेली स्मिथ, जे. सी. वाले, ज्यूंची प्रार्थना देव ऐकत नाही असं बोलून गेले आणि आयोजकांना नंतर सारवासारव करावी लागली. तोवर ते सदर्न बाप्टिस्टांचे अध्यक्ष झालेले होते.

४ नोव्हेंबरला रेगन ४८९ विरुद्ध ४९ अशा निर्वाचक मतांनी जिंकले. फॉलवेल यांनी श्रेय घ्यायला वेळ लावला नाही. पण महागाईचा दर त्या वर्षी १३ टक्क्यांच्या पुढे होता, तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस बरोबर एक वर्षापासून अडकले होते, सुटकेची मोहीम वाळवंटात कोसळली होती. असा राष्ट्राध्यक्ष मॉरल मेजॉरिटीशिवायही पडला असता. गोऱ्या इव्हँजेलिकलांचा वाटा बघायचा तर दक्षिणेकडे बघावं. कार्टर यांच्याकडे तिथलं फक्त जॉर्जिया राहिलं. पण टेनेसी, आर्कान्सा, अलाबामा, मिसिसिपी, दक्षिण कॅरोलायना ही राज्यं दोन टक्क्यांपेक्षाही कमी फरकाने गेली. इतक्या बारीक फरकात काही मंडळ्या इकडच्या तिकडे झाल्या तरी राज्य फिरतं. पाहण्यांनुसार गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मतं रेगन यांना पडली.

हिशेब पुढे मजेशीर होत जातो. रेगन यांनी या मतदारांना दिलं काय? शाळेतल्या प्रार्थनेची घटनादुरुस्ती १९८४ मध्ये सिनेटमध्ये पडली, गर्भपाताची त्याआधीच. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी नेमलेल्या सँड्रा डे ओकॉनर यांच्या नावावर फॉलवेल नाराज होते. जानेवारी १९८२ मध्ये सरकारने बॉब जोन्सची करमाफी परत द्यायची घोषणा केली आणि गदारोळ होताच काही दिवसांत माघार घेतली. १९८३ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी विद्यापीठाच्या विरोधात निकाल दिला. ज्या शाळेच्या प्रश्नावरून पाळक उठले होते तो प्रश्नच ते हरले. तरी १९८४ मध्ये रेगन यांचा या मतदारांतला वाटा आणखी वाढला.

१९८८ मध्ये तर पॅट रॉबर्टसन स्वतःच रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरले. आयोवात त्यांनी दुसरा क्रमांक मिळवून थोरल्या जॉर्ज बुश यांना तिसऱ्यावर ढकललं. मग दक्षिण कॅरोलायना आलं, बॉब जोन्सचं राज्य, घरोघर बायबल. तिथे बुश जिंकले, फोर्ड यांच्यासारखेच एपिस्कोपल. फॉलवेल यांचा पाठिंबाही बुश यांनाच होता. १९९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने क्लिंटन आणि गोर असे दोन्ही सदर्न बाप्टिस्ट उभे केले. गोऱ्या इव्हँजेलिकलांचं बहुमत पुन्हा बुश यांच्याकडे. २००० मध्ये कार्टर यांनी सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी बॉब जोन्सने मुलामुलींच्या फिरण्यावरचा वर्णाचा नियम मागे घेतला आणि नोव्हेंबरमध्ये गोर आपल्या घरच्या टेनेसीत हरले. २०१६ च्या मतदानोत्तर पाहणीत डोनाल्ड ट्रम्प यांना गोऱ्या इव्हँजेलिकलांची ८१ टक्के मतं मिळाली, तेव्हा दोन घटस्फोट झालेला हा माणूस यांना चालतो कसा, असा प्रश्न जगभरचे स्तंभलेखक विचारत होते. डॅलसच्या सभागृहात तो प्रश्न छत्तीस वर्षांपूर्वीच निकाली निघाला होता.